विषय, संदर्भ, प्रत

१० फेब्रुवारी २००३ रोजी स्टीफन कनियन या अमेरिकी डॉक्टरांनी एक छोटासा ई-मेल लिहिला. त्या दिवशी सकाळीच त्यांना एका परिचिताचा मेल आला होता : ग्वांगझू शहरात कसलीशी साथ आली आहे म्हणतात, रुग्णालयं बंद केलीत, माणसं मरताहेत, तुमच्या कानावर काही आलं आहे का? ही बातमी त्या परिचितालाही ऐकीवच होती. शिक्षकांच्या एका चॅटरूममध्ये कुणाशी तरी ओळख झालेली, ती व्यक्ती ग्वांगझूला राहणारी, आणि तिने हे सांगितलेलं.

आज असा मजकूर हातात पडला तर त्याचं काय होतं, ते आपण रोज बघतो. वर ‘अत्यंत महत्त्वाचे’ आणि खाली ‘सर्व ग्रुपवर पाठवा’ असं चिकटतं आणि मजकूर पुढच्या गावाला निघतो. कनियन यांनी तो ‘प्रोमेड’ या मेलिंग लिस्टला पाठवला. जगभरचे डॉक्टर, पशुवैद्य, प्रयोगशाळांमधली मंडळी आणि आरोग्य अधिकारी साथीच्या रोगांची खबरबात एकमेकांना कळवतात, ती ही लिस्ट १९९४पासून चालू आहे. त्यांच्या मेलमध्ये तीनच गोष्टी होत्या. हा मेल मला आज सकाळी आला. तुमचा जुना संग्रह धुंडाळला, त्यात याबद्दल काही मिळालं नाही. कुणाला काही माहीत आहे का? खाली आलेला मजकूर जसाच्या तसा. बस्स.

दुसऱ्याच दिवशी चीनकडून जागतिक आरोग्य संघटनेला आकडे मिळाले : ग्वांगडोंग प्रांतात सुमारे ३०० रुग्ण, ५ मृत्यू. पुढे त्या आजाराला ‘सार्स’ हे नाव मिळालं.

मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला आहे तो त्यातल्या सभ्यतेसाठी. वरवर पाहिलं तर त्यात सभ्यतेचा एकही शब्द नाही. ‘आदरणीय’ नाही, ‘आपला नम्र’ नाही. पण ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगितली आहे, विचारण्याआधी स्वतः शोधून पाहिलं आहे, आणि हजारो माणसांचा वेळ घेताना तो अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त घेतलेला नाही. व्यावसायिक ई-मेल गटावरचा शिष्टाचार म्हणतात तो हाच. गोड बोलण्याशी त्याचा संबंध थोडा. समोरच्याच्या हातात पडलेली माहिती त्याला वापरता यावी, अशी ठेवून देणं हे त्याचं काम.

मी हे शिकलो ते ठेच लागून. मी महाविद्यालयातला ग्रंथपाल. २०१३ साली आम्ही कार्ड-कॅटलॉगचे लाकडी कप्पे निवृत्त करून ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवलं. सगळं सुरळीत झालं, पण मराठी पुस्तकं सापडेनात. मग ग्रंथपालांच्या एका लिस्टवर मी आयुष्यातला पहिला मेल टाकला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत सांगतो. विषय : ‘मदत हवी!!!’ मजकूर : ‘आदरणीय सर, आमच्या कोहामध्ये मराठी पुस्तकं सापडत नाहीत. अत्यंत तातडीचं आहे. मूल्यांकनासाठी नॅकची टीम पुढच्या आठवड्यात येते आहे. कृपया लवकरात लवकर मार्गदर्शन करावे.’

दोन दिवस शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी एकाच माणसाचं उत्तर आलं, तेही तीन प्रश्नांचं : ‘कोणतं व्हर्जन? नेमकं काय शोधलंत? काय दिसलं?’

मला राग आला. माणूस अडचणीत आहे आणि हे उलटतपासणी घेताहेत! रात्री जेवताना लक्षात आलं की मी माझ्या घाईचं पुरेपूर वर्णन केलं होतं आणि अडचणीचं अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं.

विषय : ‘कोहा ३.८ – देवनागरीत शोधल्यास शून्य निकाल, इंग्रजीत येतात’. मजकूर : ‘उबुंटू १२.०४वर कोहा ३.८ आहे. सुमारे १८ हजार नोंदी, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मराठी. शोधचौकटीत “श्यामची आई” टाकलं की निकाल शून्य. नोंद आत आहे. बारकोडने शोधली तर लगेच उघडते. इंग्रजी नावांना अडचण नाही. शोधसूची एकदा पुन्हा बांधून पाहिली, फरक नाही. संग्रहात “देवनागरी” शब्द शोधला, दोन जुने धागे मिळाले, पण दोन्हींत शेवटी उत्तर नाही. देवनागरीसाठी शोधयंत्रणेत वेगळं काही बदलावं लागतं का?’

तासाभरात उत्तर आलं. कोहाच्या आत ‘झेब्रा’ नावाची शोधयंत्रणा असते. तिची नेहमीची मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली. देवनागरीसाठी ‘आयसीयू’ हा पर्याय चालू करायचा आणि त्यानंतर शोधसूची नव्याने बांधायची. मी सूची बांधली होती खरी, पण आधीच्याच मांडणीवर. उत्तर पाठवणारे गृहस्थ तेच, तीन प्रश्न विचारणारे.

दोन्ही मेलांत अडचण एकच आणि माणूसही एकच. पहिल्यात सगळी मेहनत वाचणाऱ्यावर टाकली होती, दुसऱ्यात ती मी आधी स्वतः केली होती. काय वापरतो, काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आधी काय करून पाहिलं आणि नेमका प्रश्न कोणता, एवढं लिहिलं की लिस्टवरचा जाणकार माणूस चहा संपायच्या आत उत्तर देऊ शकतो. आणि बऱ्याचदा हे सगळं लिहिता लिहिता आपलं आपल्यालाच उत्तर सापडतं. मेल मग पाठवावाच लागत नाही.

आता या लिस्टचं यंत्र चालतं कसं, ते बघू. कारण शिष्टाचाराचे निम्मे नियम त्या यंत्रातून आले आहेत.

लिस्टला एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर मेल गेला की तिथलं सॉफ्टवेअर सभासदांची यादी उघडतं आणि प्रत्येकाला एकेक प्रत रवाना करतं. कल्पना जुनी आहे. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर १९७५च्या जूनमध्ये ‘मेसेज ग्रुप’ नावाची लिस्ट सुरू झाली. तिच्यावर चर्चेचा विषय होता ई-मेल कसा असावा हाच. त्या काळात यादीत नाव घालायचं किंवा काढायचं तर कुणीतरी माणूस बसून ते हाताने करायचा. १९८६ साली एरिक थॉमस या पॅरिसमधल्या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ लिहिलं आणि ते काम यंत्राकडे गेलं. नाव घाला किंवा नाव काढा, असा आदेश मेलने पाठवायचा, बाकीचं सॉफ्टवेअर बघतं.

इथेच पहिली गफलत होते. लिस्टचे पत्ते दोन असतात. एक सभासदांशी बोलायचा, दुसरा सॉफ्टवेअरला आदेश द्यायचा. पहिला म्हणजे गावाची चावडी, दुसरा म्हणजे तलाठ्याचं टेबल. ‘माझं नाव कमी करा’ हा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा असतो. तो चावडीवर उभं राहून ओरडून सांगितला तर नाव कमी होत नाही, गाव मात्र जागं होतं. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी ‘अनसबस्क्राइब’ एवढाच शब्द लिहिलेला मेल सगळ्यांच्या पेटीत येऊन पडतोच. बाहेर पडायचा मार्ग बहुतेक लिस्टांच्या प्रत्येक मेलच्या तळाशी दिलेला असतो. तिथपर्यंत कुणी उतरत नाही, इतकंच.

दुसरी गोष्ट अटॅचमेंटची. ई-मेलची रचना मुळात अक्षरांसाठी झालेली आहे. फोटो किंवा पीडीएफ पाठवायचा तर आधी त्याचं अक्षरांत रूपांतर होतं, आणि त्यात दर ३ बाइटांचे ४ होतात. म्हणजे ५ एमबीची फाइल प्रवासात साधारण पावणेसात एमबीची होते. लिस्टवर २,००० सभासद असतील तर एका ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’चे १३ जीबीहून जास्त होतात. कार्यशाळेचं रंगीत पत्रक २,००० पेट्यांत कोंबण्यापेक्षा ते एका जागी ठेवून दुवा द्यावा, आणि कार्यशाळा कुठे, कधी, कशावर आहे ते मेलमध्येच चार ओळींत लिहावं. वाचणारा एसटीत, मोबाइलवर, जेमतेम नेटवर्कवर असू शकतो.

तिसरी गोष्ट धाग्याची. प्रत्येक मेलला जन्मतःच एक वेगळा क्रमांक मिळतो. आपण उत्तर देतो तेव्हा आपल्या मेलच्या पोटात, आपल्याला न दिसता, मूळ मेलचा क्रमांक लिहिला जातो. त्यावरून एका चर्चेतले सगळे मेल एकाखाली एक ओवले जातात. म्हणून नवा विषय काढायचा असेल तर नवा मेल लिहावा. पत्ता आयता मिळतो म्हणून जुन्याच मेलला रिप्लाय करून वरचा विषय तेवढा बदलला, तर पोटातला क्रमांक जुनाच राहतो. तुमचा आरएफआयडी गेटचा प्रश्न मग वाचक-शुल्काच्या धाग्यात जाऊन बसतो आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याने तो धागा कधीच मिटलेला असतो.

हे सगळं नवीन किंवा परकं वाटायचं कारण नाही. आपल्या सरकारी पत्राचा साचा डोळ्यांपुढे आणा. वर ‘प्रति’. मग ‘विषय’, तोही नेमका, एका ओळीत. त्याखाली ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक’. मग मुद्देसूद मजकूर. आणि शेवटी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’, त्याखाली ज्यांना खरोखर माहिती हवी त्यांचीच नावं. ई-मेलचा सब्जेक्ट म्हणजे आपला विषय, पोटातला क्रमांक म्हणजे संदर्भ, आणि सीसी म्हणजे टंकलेखिकेने कार्बन कागद घालून काढलेली प्रत. ज्या माणसाने टेबलावर कधी ‘विषय’ रिकामा ठेवून पत्र पुढे सरकवलं नसतं, तोच माणूस लिस्टवर ‘अर्जंट’, ‘हेल्प’ किंवा नुसतं ‘हाय’ लिहून मोकळा होतो. कार्बनच्या चार प्रतींपुढे अक्षर उमटत नसे, म्हणून कुणाकुणाला प्रत द्यायची याचा विचार व्हायचा. आता प्रतीला काहीच पडत नाही, तेव्हा विचारही पडत नाही.

प्रोमेडवर या विषयाच्या ओळीला फार मोठं काम दिलेलं आहे. तिथे येणारा मेल थेट सभासदांकडे जात नाही. आधी संपादक आणि त्या त्या क्षेत्रातले जाणकार नियंत्रक तो वाचतात, पडताळतात, शेवटी आपलं भाष्य जोडतात आणि त्याखाली आपली आद्याक्षरं टाकतात, म्हणजे मजकूर कुणाचा आणि मत कुणाचं हे सरळ वेगळं दिसतं. बातमी पक्की नसेल तर विषयाच्या शेवटी ‘आरएफआय’ ही तीन अक्षरं येतात. अर्थ : माहिती हवी आहे. ३० डिसेंबर २०१९च्या रात्री प्रोमेडच्या उपसंपादक डॉ. मार्जोरी पोलॅक यांनी चीनच्या हुबेई प्रांतातल्या निदान न झालेल्या न्यूमोनियाबद्दल जो मेल सोडला, त्याच्या विषयाच्या शेवटी हीच तीन अक्षरं होती. कोविडची जगाला मिळालेली अगदी सुरुवातीची एक खबर अशी प्रश्नाच्या रूपात आली. ‘मला हे कळलं आहे’ आणि ‘मला हे पक्कं ठाऊक आहे’ यांतलं अंतर विषयाच्या ओळीतच राखता येतं, हे त्या तीन अक्षरांनी दाखवलं.

नव्या सभासदाने लगेच बोलू नये, हा आणखी एक जुना नियम. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संपादित केलेली नेटवरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज ज्या मालिकेत निघतात, तिच्यात तिचा क्रमांक १८५५. काहीही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, असं ती सांगते. भजनी मंडळात नव्याने गेलेला माणूस पहिल्याच गुरुवारी टाळ हिसकावून घेत नाही. ताल कोण धरतं, बुवा कुठे थांबतात, ते आधी बघतो. लिस्टचंही तसंच. इथे नोकरीच्या जाहिराती चालतात का, विक्रेत्यांना बोलू देतात का, थट्टा कितपत खपते, हे ऐकूनच कळतं.

त्याच मार्गदर्शिकेतल्या आणखी काही गोष्टी अजून लागू आहेत. सगळी अक्षरं कॅपिटल केली की ओरडल्यासारखं वाटतं. सहीचा मजकूर चार ओळींपेक्षा मोठा नसावा. पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते मेलमध्ये लिहू नये. उत्तर देताना मूळ मेलमधला संदर्भापुरता भाग ठेवून बाकीचा कापावा. हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. विशेषतः जे सभासद दिवसभरातले मेल एकत्र गठ्ठ्याने मागवतात, त्यांना एका ‘सहमत’खाली कालचा अख्खा गठ्ठा पुन्हा वाचायला मिळतो. उत्तर वर लिहावं की खाली, यावर तंत्रज्ञांच्या लिस्टांवर युद्धं झाली आहेत. आपण एवढं बघावं : ज्या वाक्याला उत्तर देतो ते वाक्य ठेवावं, त्याखाली आपलं लिहावं, उरलेलं पुसावं.

आता रिप्लाय ऑल. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी मायक्रोसॉफ्टमधल्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं, की आपलं नाव ‘बेडलॅम डीएल ३’ अशा विचित्र नावाच्या यादीत आहे. त्याने त्याच यादीला लिहिलं, मी यात का आहे, मला काढा. यादीत साधारण १३ हजार नावं होती. लोकांनी उत्तरं दिली : ‘मलाही’. मग इतरांनी लिहिलं, ‘अहो, सगळ्यांना उत्तर देणं थांबवा’, आणि तेही सगळ्यांना. तासाभरात सुमारे दीड कोटी मेल फिरले आणि कंपनीची टपालव्यवस्था कोलमडली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या घरी हे झालं. २०१६च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून जास्त खात्यांना गेला आणि तिथेही हाच खेळ झाला. अशा वेळी सभ्य माणसाचं कर्तव्य एकच : गप्प बसणं. ‘गप्प बसा’ असं सांगणारा मेलसुद्धा मेलच असतो.

रजेवर जाताना लावलेलं आपोआप उत्तर ही याच घराण्यातली गोष्ट. लिस्टवरून मेल येतो, तुमचं खातं उत्तर देतं ‘मी १२ तारखेपर्यंत रजेवर आहे’, ते उत्तर लिस्टवर जातं, लिस्ट ते सगळ्यांना पाठवते, म्हणजे तुम्हालाही. तुमचं खातं त्यालाही उत्तर देतं. नीट लिहिलेली सॉफ्टवेअरं हा फेरा ओळखतात. अशा आपोआप उत्तरांवर विशिष्ट खूण असावी, हे २००४ साली लिखित मानकात आलं. पण सगळी सॉफ्टवेअरं नीट लिहिलेली नसतात. लांब रजेवर जाताना लिस्टचे मेल तात्पुरते थांबवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. गावाला जाताना दूधवाल्याला सांगून जातो, तेवढंच हे काम.

रिप्लायचं बटण दाबल्यावर उत्तर नेमकं कुणाला जाणार, हे लिस्टगणिक बदलतं. काही ठिकाणी ते फक्त लिहिणाऱ्याला जातं, काही ठिकाणी सरळ सगळ्यांना. मी हे एकदा विसरलो. एका विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाबद्दल एका सभासदाने जपून, तोलून लिहिलं होतं. आमची जुनी मैत्री, म्हणून मी मोकळेपणाने कळवलं की त्या माणसाला स्वतःचं मशीन चालू कसं करायचं तेही येत नव्हतं. मेल गेला ६०० जणांना, त्या विक्रेत्यासकट. माफीचा मेल लिहिला, तो मात्र तीनदा वाचून आणि पत्ता पाचदा बघून. तेव्हापासून सवय लावली आहे : आधी मजकूर लिहायचा, पत्ता सर्वांत शेवटी घालायचा.

आपल्याकडच्या लिस्टांचा एक खास प्रश्न परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. कुणाला पीएच.डी. मिळाली, बढती झाली, की दिवसभर ‘हार्दिक अभिनंदन सर’ सुरू होतं. ६० मेल. त्यांच्या मध्येच कुणाचा तरी खरा प्रश्न अडकून गुदमरतो. यावर नुसतं नाक मुरडून चालत नाही. चारचौघांत अभिनंदन न करणं हा आपल्यात अबोला समजला जातो, आणि ज्येष्ठांना ते लागतं. एका लिस्टच्या नियंत्रक बाईंनी यावर छान तोडगा काढला. अशी बातमी आली की लगोलग त्या स्वतः सर्व सभासदांच्या वतीने एक अभिनंदनाचा मेल टाकतात आणि खाली लिहितात : वैयक्तिक शुभेच्छा त्यांच्या पत्त्यावर जरूर कळवा. मान राहतो, पेटीही मोकळी राहते. आभाराचंही तेच. उत्तर देणाऱ्याला खासगीत ‘धन्यवाद’ लिहावं, लिस्टवर फक्त निष्पत्ती.

‘सर-मॅडम’बद्दलही एक शब्द. आपल्या लिस्टांवर ‘सर’ म्हणणं चुकीचं नाही, मी अजून म्हणतो. पण आंतरराष्ट्रीय लिस्टवर ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात केली की अर्धा समुदाय, म्हणजे तिथल्या सगळ्या बायका, पहिल्याच ओळीत वगळल्या जातात. तिथे ‘नमस्कार मंडळी’ या अर्थाचा साधा शब्द पुरतो. समोरच्याने आपल्याला नुसत्या नावाने हाक मारली, तर तो उर्मटपणा समजू नये. त्यांच्याकडचा ‘अहो’ वाक्याच्या रचनेत असतो, संबोधनात नसतो.

भांडणं होतातच. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो, आवाज नसतो. थट्टा आहे की टोमणा, हे कळत नाही म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फाल्मन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस वापरून हसरा चेहरा सुचवला. आजच्या सगळ्या इमोजींचा तो आजोबा. पण चेहऱ्याने सगळं भागत नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचं काम ज्या लिस्टवर चालतं, तिथे त्या प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जीभ प्रसिद्ध होती. चुकीच्या कामावर ते जितके तुटून पडत, तितकेच ते करणाऱ्यावरही. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी त्याच लिस्टवर आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला होत असल्याचं कळवलं, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. ‘हा कोड चुकीचा आहे, कारण अमुक’ या वाक्याने काम पुढे जातं. ‘हे लिहिणारा मूर्ख आहे’ यातून कोडमधली एक ओळही दुरुस्त होत नाही. रागाचं उत्तर रात्रभर ठेवून मग पाठवावं, असं हॅम्ब्रिजबाईंची मार्गदर्शिकाही सांगते. माझा अनुभव असा, की सकाळी त्यातली पहिली आणि शेवटची ओळ पुसावी लागते. मधलं बहुतेक वेळा बरोबर असतं.

आणि जाहिरात? ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना पाठवली. जगातला पहिला स्पॅम म्हणून त्याची नोंद झाली. तक्रारींचा पाऊस पडला, काही संगणक विकलेही गेले. म्हणूनच स्पॅम थांबत नाही. व्यावसायिक लिस्टवर स्वतःचं पुस्तक किंवा कार्यशाळा सांगायला हरकत नसते, पण जो वर्षभर इतरांच्या प्रश्नांना उत्तरं देतो, त्याचीच जाहिरात लोक आपली मानतात.

राहिला संग्रह. लिस्टवर लिहिलेलं बहुधा कायमचं राहतं. म्हणून तिथे वाचकांची नावं, विद्यार्थ्यांचे क्रमांक, दुसऱ्याने खासगीत लिहिलेलं पत्र यांतलं काहीही विचारल्याशिवाय जाऊ देऊ नये. पण त्याच कारणासाठी, प्रश्न सुटला की तो सुटल्याचं लिहावंही. माझ्या हाती लागलेले ते दोन जुने धागे आठवा. दोघांनी विचारलं होतं, दोघांना उत्तरं मिळाली असणार, कुणीतरी फोनवर सांगितलं असेल. एकाने शेवटी फक्त ‘झालं, थँक्स’ लिहिलं होतं. काय झालं, कसं झालं, ते त्याच्यापाशीच राहिलं. म्हणून नॅकची टीम येऊन गेल्यावर मी त्या धाग्यात शेवटचा मेल टाकला. विषयाच्या पुढे ‘सुटलं’ असं जोडलं, आणि खाली काय बदललं, कुठली फाइल, कोणत्या क्रमाने, सूची बांधायला किती वेळ लागला, असं आठ ओळींत लिहिलं. लिहिताना वाटलंही, कोण वाचणार आहे हे.

काही वर्षांनी आमचा सर्व्हर बदलला. बसवणारा मुलगा हुशार होता, सगळं दोन दिवसांत चालू करून गेला. तिसऱ्या दिवशी काउंटरवर बसणाऱ्या मावशी आल्या. ‘सर, मराठी पुस्तकं दिसत नाहीत.’ मला काही केल्या आठवेना. पूर्वी असंच झालं होतं, एवढं आठवत होतं. लिस्टचा संग्रह उघडला, ‘देवनागरी’ शब्द टाकला. तीन धागे आले. तिसऱ्याच्या शेवटी ‘सुटलं’ होतं. आठ ओळी वाचल्या, तशाच क्रमाने केल्या, आणि तासाभराने मावशींनी शोधचौकटीत ‘श्यामची आई’ टाकून पाहिलं. सहा प्रती. त्यांतल्या दोन बाहेर गेलेल्या.